हलका ठोका

"हलका," हे म्हणाले.

रविवारची सकाळ होती, अकराचा सुमार. मी यांच्या मानेमागची उशी सरळ करत होते आणि समोर स्टुलावर टेकवलेल्या मोबाइलवर आमच्या प्रयोगशाळेतला तोच तो व्हिडिओ चालू होता. गौरीच्या सणापासून आजवर पंचवीसदा तरी मी तो यांना दाखवला असेल. काचेच्या चार नळ्या, नळ्यांत माश्या, माझा हात येतो, एकेक नळी रबराच्या चटईवर तीनदा आपटतो, आणि खाली पडलेल्या माश्या परत वर चढू लागतात. मला वाटलं उशीबद्दलच बोलताहेत. "हलकी कसली? कापसाचा गोळा होऊन दगड झालाय तिचा," मी म्हटलं. यांनी डोळे दोनदा मिटले. म्हणजे नाही. एकदा मिटले तर हो. शब्द अजून येतात यांना, पण एकेका शब्दाला जिना चढल्यासारखा दम लागतो, म्हणून मी आपली डोळ्यांवरच भागवते. या वेळी मात्र यांनी डोळ्यांवर सोडलं नाही. दम घेतला, आणि म्हणाले, "ठोका. दोन नंबर. तीन नंबर. हलका." मी मोबाइल पालथा घातला. "तुमचं आपलं काहीतरीच," असं म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी नुसती उभी राहिले. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण बोटाचा ठोका हलका की जड, याबाबतीत अख्ख्या म्हैसुरात यांच्याशी वाद घालणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

हे म्हणजे नागभूषण मास्तर. अग्रहारात, किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर एकतीस वर्षं यांची टायपिंगची संस्था होती. चौदा मशीनं, सहा कन्नड आणि आठ इंग्लिश. सकाळी सहाची तुकडी, सातची तुकडी, मग संध्याकाळच्या. हे मुलांकडे पाठ करून बसायचे, तोंडासमोर पेपर धरून. नवीन आलेल्या मुलांना वाटायचं, बरं झालं, मास्तरांचं लक्ष नाही. आणि तेवढ्यात पेपरामागून आवाज यायचा, "चार नंबर, करंगळी झोपलीय का? उठवा तिला." किंवा, "नऊ नंबर, डावा हात सासुरवाडीला आल्यासारखा लाजू नका." चौदा मशीनांच्या त्या खडखडाटातून कुठल्या मशीनवरचं कुठलं बोट कमी जोर लावतंय, हे यांना कसं कळायचं ते यांनाच ठाऊक. लग्न होऊन आले तेव्हा मला हे थोतांड वाटायचं. एकदा मी मुद्दाम जाऊन सहा नंबरच्या मशीनवर बसले आणि डाव्या अनामिकेने हळू दाबलं. पेपर खाली न करता हे म्हणाले, "घरातल्या माणसांची फी माफ आहे, चूक नाही." सगळा वर्ग हसला. मी इतकी चिडले होते की दोन दिवस बोलले नव्हते. आता वाटतं, ते दोन दिवस कुणी परत दिले तर किती बोलून घेईन.

संस्था बंद झाली, मशीनं भंगारात गेली, एक मात्र यांनी ठेवून घेतलं. आसपासच्या म्हाताऱ्यांचे पेन्शनचे अर्ज त्यावर करून द्यायचे, कार्बन लावून तीन प्रती. चार वर्षांपूर्वी एका दुपारी तिसऱ्या प्रतीवर इंग्लिश 'ए' उमटला नाही. सगळ्या अर्जात जिथे जिथे 'ए' तिथे तिथे कोरी जागा. यांनी रिबन बदलली. टाचणीने अक्षराचा खिळा कोरून साफ केला, तेल सोडलं. मशीन उलटं करून तासभर त्याच्या पोटात बघत बसले. मग डावा हात टेबलावर सपाट ठेवला, 'ए'ची करंगळी एकटी उचलून बघितली, आणि अगदी सहज आवाजात म्हणाले, "वनजा, मशीन ठीक आहे." त्यानंतर इथले डॉक्टर झाले, बंगळुरूचे डॉक्टर झाले, सुया टोचून झाल्या, विजेचे झटके देऊन झाले. बंगळुरूच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा माझे दीर त्यांना परत परत स्पेलिंग विचारत होते. मला विचारायची गरज नव्हती. मोटर न्यूरॉनचा आजार. मेंदूकडून स्नायूंना निरोप नेणाऱ्या पेशी एकेक करून मरतात, निरोप जात नाही, स्नायू वाट बघून बघून वाळतात. मला सगळं पाठ होतं, कारण आठ वर्षं मी तोच आजार बाटल्यांत पाळत होते.

मी माश्यांकडची बाई. पिकल्या केळ्यावर घोंघावतात ना, त्या चिलटाएवढ्या माश्या. विद्यापीठातल्या आमच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मी त्यांचं जेवण शिजवते. रवा, गूळ, यीस्ट, एकत्र रटरटवून नळ्यांत ओतायचं, थंड झालं की माश्या सोडायच्या. शेषगिरी सरांनी त्यातल्या काही माश्या अशा करून घेतल्या आहेत की जन्मतःच त्यांच्यात हा आजार असतो. पहिले काही दिवस ठीक उडतात, मग पंधराव्या दिवसापर्यंत पाय ढेपाळतात, काचेवर चढता येत नाही. मी त्यांना लंगड्या म्हणायचे. "सर, लंगड्यांची नळी बदलू का?" असं रोज म्हणायचे, हसत. बंगळुरूहून आल्यावर तो शब्द माझ्या तोंडातून एकदाच निघाला, सवयीने, आणि मी माश्यांच्या खोलीत दार लावून रडले. त्यानंतर कुणीच तो शब्द काढला नाही.

औषध शोधताना सर ओंदेलगापर्यंत आले. ओलीला, विहिरीच्या कडेला पसरणारी गोल पानांची ती ब्राह्मीची वेल आमच्याकडे कुणाच्याही परसात असते. ताकात वाटून त्याची तंबुळी करायची, भातावर घ्यायची, मुलांची बुद्धी वाढते म्हणायचं. सरांनी पानांतून निरनिराळे अर्क काढले, त्यातला सात नंबरचा अर्क माश्यांच्या जेवणात मिसळायचं ठरलं. यांचा आजार तेव्हा दीड वर्षाचा होता. उजवा हातही गेला होता, पाय लटपटत होते. सरांनी मला बोलावून सांगितलं होतं, "वनजम्मा, हे काम तुम्ही करू नका. दुसऱ्या कुणाला देतो." मी म्हटलं, "का? माझ्या हाताला काय झालंय?"  तेव्हाच हट्टाने दिलं असतं त्यांनी दुसऱ्याला तर बरं झालं असतं, असं आता म्हणणं सोपं आहे. दोष त्यांच्यावर ढकलायला बघते आहे मी, दुसरं काय.

या कामाची रीत अशी की कुठल्या नळीत अर्क आहे आणि कुठल्या नाही, हे आपटणाऱ्याला कळता कामा नये. पावना, सरांची विद्यार्थिनी, नळ्यांवर नुसती अक्षरं चिकटवते आणि त्यांची यादी आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवते. मग मी प्रत्येक नळी तीनदा आपटते, सगळ्या माश्या तळाला पडतात, दहा सेकंदांत त्यातल्या किती जणी वरच्या रेघेपलीकडे पोहोचतात ते मोजायचं. वीसपैकी अमुक. बस, एवढंच. कुणाचा तरी मोबाइल घेऊन पावना सगळ्याचं चित्रण करते. रीत चांगली आहे, पण रीत करणाऱ्यांच्या घरी ओंदेलग उगवत नसावं. पहिल्याच दिवशी नळीचा बोळा काढला आणि मला कळलं. गुळाच्या वासाखाली पाणथळ जागेतल्या चिरडलेल्या पानाचा तो हिरवा, किंचित कडू वास. पावना दिल्लीला वाढलेली, तिला तो गवताचा वास वाटत असेल. मी सात वर्षांची असल्यापासून ती पानं खुडली आहेत. नळ्यांवरची अक्षरं माझ्यासाठी नव्हतीच. त्याच मिनिटाला मी सांगायला हवं होतं. मी मनाशी म्हटलं, नाकाला कळलं म्हणून काय झालं, हाताला थोडंच कळतंय?

अर्काचं प्रमाण कमी-जास्त करत दोन वर्षं गेली, आणि यंदा एका तुकडीच्या पंधराव्या दिवशी साध्या नळ्यांत वीसपैकी सात माश्या चढल्या आणि अर्काच्या नळ्यांत तेरा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पावना टाळ्या वाजवत नाचली. सर चष्मा काढून पुसत बसले. दुसऱ्या दिवशी गौरीचा सण होता. मी व्हिडिओ मोबाइलवर घेऊन घरी आले, यांच्यासमोर धरला आणि वेड्यासारखी बोलत सुटले. हे बघा, या बघा चढताहेत, या बघा तुमच्या बहिणी. यांनी सगळा व्हिडिओ बघितला. डोळे एकदा मिटले. त्या दिवशी मी चार होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, खाल्ल्या, वर तूप, वर आणखी भात आणि सारू, आमची पातळ आमटी. आजाराचं नाव कळल्यापासून माझं जेवण म्हणजे ओट्यापाशी उभ्याने ताकभात, तोही दोन घास. माझ्या जावा म्हणायच्या, नवऱ्याआधी हीच वाळून जाईल. त्या दिवशी मी यांच्यासमोर पाट घेऊन बसून जेवले आणि हे माझ्याकडे बघत होते. किती बरं वाटलं होतं, म्हणून सांगू. मला वाटलं, यांनाही तसंच वाटतंय.

पुढच्या महिन्यात एका स्थानिक पेपरात बातमी आली. पावनाच्या मैत्रिणीचा नवरा तिथे होता. सरांनी फोनवर बजावून सांगितलं होतं की माश्यांचं आहे, माणसांचं नाही, लिहू नका. त्याने 'माश्यांचं' बारीक अक्षरात आणि बाकीचं मोठ्या अक्षरात लिहिलं. तेव्हापासून कुठून कुठून नंबर मिळवून लोकांचे मला फोन येऊ लागले. आणि त्याच महिन्यात आमच्या डॉक्टरांनी नळीचं सांगितलं. यांचा घास घशात अडकायला लागला होता, रागीची, म्हणजे नाचणीची, गंजीसुद्धा ठसका देत होती. पोटाला बारीक भोक पाडून नळी बसवायची, तिच्यातून पातळ अन्न द्यायचं. "करायचं तर लवकर करा," डॉक्टर म्हणाले, "श्वासाचा जोर आणखी उतरला तर भूल देता येणार नाही. मग इच्छा असून हात लावता येणार नाही आम्हाला." मी यांच्या आधीच बोलले. म्हटलं, थोडं थांबू या की, आमच्याकडे काम चांगलं चाललंय, कुणी सांगावं, वर्षभरात घसाच सुधारला तर? यांनी डोळे एकदा मिटले. मी ते हो धरलं. नळी म्हटलं की मला तो माणूस संपला असं वाटायचं. ज्या तोंडाने एकतीस वर्षं मुलांची थट्टा केली त्या तोंडाला मीठ-मिरचीसुद्धा लागणार नाही, हे मला सोसत नव्हतं. आणि मी तंबुळी भरवत राहिले. रोज, चमच्या-चमच्याने, ठसके काढत.

त्या रविवारी सकाळी आठ वाजता हासनहून फोन आला होता. माझे हात रागीत होते म्हणून मी तो मोठ्या आवाजावर लावून यांच्या उशाशी ठेवला. जयलक्ष्मी नावाची बाई होती. तिच्या अण्णाला, थोरल्या भावाला, हाच आजार, वय अठ्ठेचाळीस. "अम्मा, पेपरात वाचलं हो तुमचं. इकडचे डॉक्टर म्हणतात पोटात नळी घाला, मंगळवारची तारीख दिलीय. आमचा अण्णा म्हणतो, औषध येतंय तर कशाला पोट फाडून घेऊ? तुम्ही तिथल्याच ना? तुम्हीच सांगा, थांबू का?" मी हात धूत धूत म्हटलं, "थांबून बघा की थोडे दिवस. चांगलं दिसतंय आमच्याकडे." विरजण लागलं का बघा, असं शेजारणीला सांगावं इतक्या सहज सांगितलं. ती रडली, देव तुमचं भलं करो म्हणाली. त्यानंतर हे सकाळभर एक शब्द बोलले नाहीत. अकरा वाजत आले तेव्हा भुवयांनी मोबाइलकडे खूण केली. व्हिडिओ. मी लावला. आणि मग हे म्हणाले, हलका.

ओट्यापाशी उभी राहून मी स्टीलचा पेला उचलला. मनात म्हटलं, हा साधा. आपटला. मग म्हटलं, हा पानाचा. आपटला. मला तरी दोन्ही सारखेच ऐकू आले. पुन्हा केलं. साधा. पानाचा. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, तुटक, पण स्वच्छ. "पहिला. जड." मी पेला तिथेच ठेवला.  हाताला कळतं. नाकाने हाताला सांगितलं होतं, मला न विचारता. हात अर्काच्या नळ्यांना जपून खाली टेकवत होता, मूल पाळण्यात ठेवताना टेकवतो तसा. त्यामुळे त्यातल्या निम्म्या माश्या तळापर्यंत पडतच नव्हत्या, मधेच काचेला धरून राहत होत्या, आणि मग चढत होत्या तेरा. आणि दुसऱ्या बिचाऱ्या, ज्यांच्या जेवणात पान नव्हतं, त्या दणकन तळाला. मी माझ्या हाताकडे बघितलं. सव्वीस वर्षांत त्याने एक नळी फोडली नव्हती, त्याचा मला केवढा अभिमान. मेला खोटारडा हात.

सोमवारी सकाळी सर यायच्या आधीच मी त्यांच्या दारात उभी होते. सगळं सांगितलं. वासाचं, हाताचं, यांच्या कानाचं. सर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. पावना मागे येऊन उभी राहिली होती ते मला कळलं नाही. "दोन वर्षं, अक्का," ती म्हणाली, "दोन वर्षं तुम्ही वास घेत होतात?"  सर तिला म्हणाले, "तू गप. वासाचा विचार मी करायला हवा होता. प्रोफेसर मी आहे." मग माझ्याकडे वळले. "वनजम्मा, मी तेव्हाच म्हणालो होतो, हे काम तुम्ही करू नका." मी म्हटलं, "हो सर. आता पावना करू दे." सर कोरडं हसले. "पावनाला याच्यावर डॉक्टरेट घ्यायचीय. तिचा हात तर कापसाचा होईल. आणि माझा म्हणाल, तर मी पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होतोय, हातात काही न घेता. या खोलीत एक हात दाखवा ज्याला आशा नाही."  खिडकीत माश्यांच्या रिकाम्या नळ्या उन्हात वाळत होत्या. मी म्हटलं, "हात कुणाचाही असू दे सर. कान यांचा घेऊ या."

एक तुकडी गुरुवारी पंधरा दिवसांची होणार होती. ठरलं ते असं. मी नाकाखाली बाम चोळून आपटायचं, म्हणजे वास येणार नाही. पावनाने चित्रण करायचं. ते मी घरी न्यायचं, यांनी ऐकायचं, आणि जो ठोका कमी-जास्त वाटेल ती मोजणी कागदावरून काटायची. यादीचं कपाट त्यानंतर उघडायचं, आधी नाही. "आणि हे मी छापताना लिहू काय?" सर म्हणाले. "निरीक्षक, एक टायपिंगचे मास्तर?" पावनाला हसू आलं, तिच्या डोळ्यांत पाणी असतानाच. मी दाराशी पोहोचले तेव्हा सर मागून म्हणाले, "वनजम्मा, एक विचारू? त्यांच्या कानाला आशा नसेल कशावरून? तो तर त्यांचा जीव आहे." मी मान हलवून बाहेर पडले. घरी जाताना रस्ताभर तेच डोक्यात. एखादी नळी हलकी आपटली म्हणून हे काटतील का? काटायला हवी ती सोडून देतील का? एका मोजणीत काय ते जाईल, कोण विचारतंय? आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनात असंही आलं की सोडून दिली तर बरंच होईल.

गुरुवारी नळ्या अठ्ठेचाळीस वेळा आपटल्या. बामाने डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, माश्या धुरकट दिसत होत्या, मोजायचं काम पावनाने केलं. प्रत्येक नळी उचलताना मी यांचा वर्ग आठवत होते. सगळी बोटं सारखी, करंगळीला वेगळा न्याय नाही. संध्याकाळी उजेड असतानाच यांना खुर्चीत बसवलं. हे मोबाइलकडे बघायला तयार होईनात. मला कळेना काय हवंय. मग कळलं आणि मी खुर्ची फिरवली. भिंतीकडे तोंड, मोबाइलकडे पाठ. असे बसले हे, आणि मी ठोके ऐकवत गेले. एकेका नळीचे तीन. मी बाजूला उभी राहून यांच्या डोळ्यांकडे बघत होते. एकदा मिटले, ठीक. एकदा मिटले, ठीक. नवव्या नळीला दोनदा. काटली. घामाने यांचं कपाळ ओलं झालं होतं, मानेला आधार असूनही डोकं कलत होतं. म्हटलं, उरलेलं उद्या करू. दोनदा मिटले. एकूण पाच काटायला लावल्या यांनी. त्या पाच कुठल्या, साध्या की पानाच्या, मला खरंच माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच माहीत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी पावनाने कपाट उघडलं. काटलेल्या पाचांत तीन अर्काच्या निघाल्या, दोन साध्या. सर यादीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सरळ आहे हो त्यांचा कान." मग पावनाने बेरजा केल्या. साध्या नळ्यांत वीसपैकी सरासरी सात. अर्काच्या नळ्यांत आठ. तिने पुन्हा केल्या. आठच. "अगदीच काही नाही असं नाही," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम म्हातारा वाटला. "एकाचा फरक कधी काहीच नसतो, कधी असतो. वास घालवावा लागेल, आपटायला यंत्र बसवावं लागेल, दुसऱ्या अर्कांकडे जावं लागेल. तीन वर्षं. चार. पावना करेल." पावनाने मान हलवली. मला निदान ओरडेल असं वाटलं होतं. ती जवळ आली आणि माझ्या नाकाखाली बामाने लाल झालं होतं तिथे बोटाने खोबरेल लावलं. गुरुवारची मोजणी होऊ दे म्हणत पाच दिवस टाळलेला हासनचा फोन मी बाहेर पायऱ्यांवर येऊन लावला. मंगळवार उलटून गेला होता. त्यांनी तारीख सोडून दिली होती, माझ्या शब्दावर. "जयलक्ष्मी, मी चुकीचं सांगितलं," मी म्हटलं. "औषध नाही. इतक्यात येणारही नाही. उद्याच्या उद्या जा आणि नळी घाला, एक दिवस थांबू नका."  मग ती म्हणाली, "मग त्या दिवशी तसं का म्हणालात हो?" मी उभी होते ती खाली बसले. "माझ्या घरीही तोच आजार आहे," मी म्हटलं. तिने फोन ठेवला. जाईल का ती? रात्रीपर्यंत पुन्हा लावायचा, असं ठरवलं.

घरी आले तेव्हा यांना सांभाळायला बसलेली माझी जाऊ निघून गेली, आणि घरात आम्ही दोघंच राहिलो. चप्पल काढली, हातपाय धुतले, जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढला. हे वाट बघत होते. "किती?" यांनी विचारलं.

"आठ," मी म्हटलं. "आणि सात."

 मी यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते. मग यांनी विचारलं, "ठोके?"

"सारखे."

"हं," हे म्हणाले. मुलांचा कागद तपासून, एकही चूक निघाली नाही तर, पेपर खाली न करता हे असंच म्हणायचे. तेव्हा मला रडू फुटलं. यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून मी रडले. गुडघे नुसती हाडं. रडता रडता माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं आणि मी मान वर केली. ज्या माणसाला खडखडाटातून चार नंबरची करंगळी ऐकू यायची, त्याला हा ठोका पंचविसाव्या वेळी ऐकू आला? "तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं. "खरं सांगा. या रविवारी?"

डोळे दोनदा मिटले.

"मग?"

"गौरी," हे म्हणाले.

म्हणजे पहिल्याच दिवशी. मी नाचत होते तेव्हा. तुमच्या बहिणी बघा म्हणत होते तेव्हा. मी उठून उभी राहिले. राग आला मला, खरंच राग आला. "आणि तीन महिने गप्प बसलात? त्या नळीचं डॉक्टर सांगत होते, मी नको म्हणत होते, तुम्ही हो म्हणालात! घास अडकत होता तुमच्या घशात! ती हासनची बाई बोलली नसती तर तुम्ही असेच...? का? का नाही सांगितलंत?"

यांनी दम घेतला. एकदा घेतला, सोडून दिला, पुन्हा घेतला. पहिला शब्द आला तो कळलाच नाही, मी कान तोंडापाशी नेला.

"त्या दिवशी," हे म्हणाले. थांबले. "तू. जेवलीस."

मी सरळ झाले. मग डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. श्वास तपासून सोमवारीच नळी बसवू या म्हटलं. पलीकडची मुलगी म्हणाली, सोमवारी सकाळी नऊ, पेशंटला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा. यांना सांगितलं. डोळे एकदा मिटले. मग मी स्वयंपाकघरात गेले. सकाळचा भात होता, हुळी म्हणजे डाळ-भाजीची आमटी होती, यांच्यासाठी केलेली तंबुळी होती. ताट वाढलं, पाट आणला आणि यांच्या खुर्चीसमोर मांडला. घास तोंडात फिरत होता, खाली उतरत नव्हता. तरी जेवले. सगळं जेवले. ताट रिकामं होईपर्यंत हे माझ्याकडे बघत होते.